परदेशातील इलाजाचे बिल : भाव आधी विचारा, सही नंतर करा

शिरूर आणि दौंड ही तालुक्याची गावे असली तरी आपल्या बांधवांची सफर आता पुणे-मुंबईपुरती राहिलेली नाही. कोणी आई-वडिलांना घेऊन उमऱ्याला जातो, कोणी माल पाहायला दुबई किंवा चीन गाठतो, तर वेल्डर, सुतार, शिंपी, एसी मेकॅनिक असे कारागीर दोन-दोन वर्षांच्या करारावर रियाध, दोहा, मस्कतला जातात. निघण्यापूर्वी तिकीट, व्हिसा, राहणे, खाणे या सगळ्यांचा हिशेब पै-पैने होतो. एका खर्चाचा हिशेब मात्र बहुधा कोणीच मांडत नाही. तो म्हणजे आजारपणाचा. ‘अल्लाह न करो’ असे म्हणून तो विषय बाजूला ठेवला जातो. मग परक्या मुलखात ताप भरला, पाय मोडला, छातीत दुखू लागले की समोर येईल तो दवाखाना आणि सांगेल ती रक्कम, असा प्रकार होतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. थान उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, चार दुकानांत भाव विचारतो आणि मगच माल उचलतो. पण तोच चौकस व्यापारी परदेशातल्या दवाखान्यात न वाचलेल्या कागदावर बिनदिक्कत सही करतो. आजाराचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. बिलाची तजवीज मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, आणि ती विमानात बसल्यावर नव्हे, घरून निघण्याआधी करायची असते. ती कशी करावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

प्रवाशाकडूनच जास्त पैसे का?

याची कारणे बाजारातलीच आहेत. पहिले कारण म्हणजे प्रवाशाला वेळ नसतो. परवाचे विमान आहे, उद्या मालाची गाठ बांधायची आहे, म्हणून तो घासाघीस करीत नाही. दुसरे, त्याला तिथला भाव ठाऊक नसतो. एक्स-रे आपल्याकडे कितीला होतो हे माहीत असते, बँकॉकला कितीला होतो हे माहीत नसते. तिसरे, भाषा येत नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे मधला माणूस. हॉटेलचा काउंटर, टॅक्सीवाला, टूरचा गाइड ‘ओळखीच्या डॉक्टरकडे’ नेतो. त्या ओळखीची दलाली कित्येकदा रोग्याच्या बिलातूनच निघते. पाचवे कारण तर उलटेच आहे. रोग्याकडे विमा आहे हे कळले की काही दवाखाने गरज नसताना तपासण्या वाढवतात आणि एका रात्रीच्या जागी तीन रात्री ठेवून घेतात.

हा प्रकार केवळ आपल्या गरीब देशातल्या माणसांशीच होतो असे समजू नये. स्पेनला जाणाऱ्या आपल्या नागरिकांना ब्रिटिश सरकारने सावध केले आहे की, हॉटेलवाले परस्पर खासगी दवाखान्याकडे पाठवतील, तेव्हा सरकारी दवाखाना कोणता ते आधी विचारा. मेक्सिकोतल्या पर्यटनस्थळांवरील खासगी रुग्णालयांबद्दल अमेरिकन सरकारचा सल्लाही याच धर्तीचा आहे. थायलंडमध्ये खासगी रुग्णालयांच्या दरांबद्दल इतकी ओरड झाली की २०१९ साली तिथल्या सरकारने औषधे आणि वैद्यकीय सेवा दरनियंत्रणाच्या यादीत घातल्या आणि रुग्णालयांना औषधांचे दर जाहीर करायला लावले. थोडक्यात, अडलेला गिऱ्हाईक पाहून भाव वाढवण्याची रीत सगळ्या जगात आहे.

मुंबई विमानतळावरचा धडा

याचा सर्वांत स्पष्ट नमुना पाहायला परदेशात जायचीही गरज नाही. कोरोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांत आरटी-पीसीआर चाचणीसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र सरकारने जून २०२० मध्ये हा दर २,२०० रुपयांवर आणला. पुढे तो उतरत उतरत ३१ मार्च २०२१ रोजी प्रयोगशाळेत जाऊन नमुना देणाऱ्यासाठी ५०० रुपये झाला.

ऑगस्ट २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांसाठी नवी अट घातली. विमान सुटण्यापूर्वी सहा तासांच्या आत विमानतळावरच ‘रॅपिड पीसीआर’ करून घ्यायची. मुंबई विमानतळावर या चाचणीसाठी ४,५०० रुपये घेतले जात होते. ऑक्टोबरमध्ये ते ३,९०० झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने दर ठरवून दिल्यावर १,९७५ रुपयांवर आले. न्यायाने बोलायचे तर ही चाचणी साध्या आरटी-पीसीआरपेक्षा वेगळ्या यंत्रावर होते, निकाल लवकर मिळतो आणि तिला खर्चही अधिक येतो. परंतु तीच चाचणी, तेच विमानतळ आणि तीच रांग असताना सुमारे चार महिन्यांत भाव निम्म्याहून खाली आला. म्हणजे आधीच्या भावात अडलेल्या माणसाची किंमत किती धरली होती, हे ज्याचे त्याने समजावे. चार जणांचे कुटुंब ऑगस्टमध्ये गेले असेल तर १८,००० रुपये मोजले; तेच डिसेंबरअखेर गेले असते तर ७,९०० रुपयांत काम झाले असते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ही अट उठली. पण तिने शिकवलेला धडा उठलेला नाही. ज्या ठिकाणी प्रवाशाला दुसरे दुकान नसते, तिथे भाव दुकानदार ठरवतो. म्हणून दुसरे दुकान शिल्लक असतानाच, म्हणजे घरी असतानाच, आपली कामे उरकावीत.

निघण्याआधीचा दवाखाना : गल्फची मेडिकल

आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्याला आधी वैद्यकीय तपासणी करावी लागते. ही तपासणी आखाती देशांच्या आरोग्य परिषदेने मान्य केलेल्या केंद्रांतच चालते. पूर्वी लोक तिला ‘गामका मेडिकल’ म्हणत, आता नोंदणी ‘वाफिद’ या संकेतस्थळावर होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरी तपासणी असा तिचा ढाचा आहे. क्षयाचा डाग, कावीळ ब किंवा क, एचआयव्ही असे काही निघाले तर माणूस ‘अनफिट’ ठरतो.

लुबाडणूक इथूनच सुरू होते. नोंदणीचे शुल्क वेगळे आणि तपासणीचे शुल्क वेगळे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एजंट दोन्ही मिळून ठोक रक्कम सांगतो आणि पावती देत नाही. केंद्राबाहेर उभा असलेला माणूस ‘लवकर नंबर लावतो’ म्हणून वेगळे पैसे घेतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ‘अनफिटचे फिट करून देतो’ असे सांगून हजारो रुपये उकळणे. बांधवांनो, यात पैसे तर जातातच, पण पुढचे नुकसान त्याहून मोठे आहे. आखातात पोहोचल्यावर राहण्याचा परवाना मिळण्याआधी पुन्हा तपासणी होते. तिथे दोष निघाला की माणूस परत पाठवला जातो. मग कर्ज काढून भरलेली रक्कम, तिकीट आणि इथली सोडलेली नोकरी, सगळेच पाण्यात.

यावर साधा उपाय आहे. पासपोर्ट हाती आल्यावर, एजंटला एक पैसा देण्याआधी, आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे, साखर, रक्तदाब आणि काविळीची तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. क्षयरोगाची तपासणी व औषधे तर सरकारी कार्यक्रमात पूर्वीपासूनच मोफत मिळतात. दोष निघालाच तर तो इथे कळलेला बरा. इलाज होईल आणि कर्जही होणार नाही.

लसींचेही तसेच. टांझानिया, केनिया, नायजेरिया अशा देशांत धंद्यासाठी जाणाऱ्याला पीतज्वराची लस लागते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच मिळते. पुण्यात ससूनच्या आवारातले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय हे असे केंद्र आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. तेव्हा ‘दर दहा वर्षांनी नवे कार्ड लागते’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते खरे मानू नये. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना लागणाऱ्या लसी सरकारी शिबिरात मोफत टोचल्या जातात. त्यासाठी खासगी दवाखान्याचे ‘पॅकेज’ घेण्याचे कारण नाही.

कारागिरांसाठी २७५ रुपयांची योजना

ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद आहे, म्हणजे बहुधा दहावी न झालेले आपले कारागीर व मजूर, त्यांना आखातात नोकरीला जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही अट पुष्कळांना जाच वाटते. प्रत्यक्षात ती त्यांची ढाल आहे. कारण या परवानगीबरोबर ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची आहे. ही योजना २००३ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. एवढ्या रकमेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे, आणि त्याशिवाय इलाजाच्या खर्चाचीही मर्यादित तरतूद आहे. शिरूर-दौंडच्या हॉटेलात चार माणसांच्या नाश्त्याला जेवढे पैसे लागतात, जवळपास तेवढ्यात दोन वर्षांचा कागद हाती येतो.

आता धोका कुठे आहे ते पाहा. काही एजंट मुलाला ‘व्हिजिट व्हिसा’वर पाठवतात आणि तिथे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून देऊ म्हणतात. अशा मुलाच्या हाती परवानगी नाही, म्हणून ही विमा योजना नाही. तिथल्या मालकाच्या वहीत त्याचे नाव नाही, म्हणून मालकाचा विमाही नाही. मचाणावरून पडून हाड मोडले तर बिल त्याचे त्यानेच भरायचे. एजंटने वाचवलेल्या चार दिवसांची किंमत घरच्यांना शेत किंवा दुकान गहाण टाकून मोजावी लागते.

रीतसर नोकरीवर गेलेल्याची स्थिती वेगळी असते. सौदी अरेबियात खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. दुबईत २०१३ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून अमिरातीच्या उरलेल्या भागांतही खासगी कामगार व घरकाम करणाऱ्यांसाठी लागू झाला आहे. हप्ता मालकाने भरायचा आहे, पगारातून कापायचा नाही. म्हणून पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात मालकाकडून विमा कार्ड मागून घ्यावे आणि त्यावर कोणकोणते दवाखाने चालतात ती यादी विचारावी. कार्ड असून यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलेला माणूस पुष्कळदा पूर्ण बिल स्वतः भरतो.

उमरा आणि हज

उमऱ्याच्या व्हिसाच्या रकमेतच आरोग्य विम्याचे पैसे घेतलेले असतात, ही गोष्ट कित्येक उमराकरूंना टूरवाला सांगतच नाही. अकस्मात आजार आणि अपघात यांसाठी हे संरक्षण सौदी हज व उमरा मंत्रालयाने एक लाख रियालपर्यंत असल्याचे जाहीर केले आहे. जुन्या, आधीपासूनच्या आजाराचा नेहमीचा इलाज यात बसत नाही. परंतु उन्हाने चक्कर येऊन पडणे, हाड मोडणे, अचानक छातीत दुखणे हे अकस्मात आजारच आहेत. पैसे आधीच भरलेले असताना पुन्हा खिशातून भरण्यात काही सबब नाही.

म्हणून निघण्याआधी टूरवाल्याकडून व्हिसाची प्रत आणि विम्याचा क्रमांक कागदावर घ्यावा. तो आई-वडिलांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे चिकटवावा. सौदीत रुग्णवाहिकेसाठी ९९७ आणि आरोग्य मंत्रालयाच्या चौकशीसाठी ९३७ हे क्रमांक आहेत. गटप्रमुखाला फोन लागेपर्यंत हॉटेलखालच्या खासगी क्लिनिकमध्ये बसून राहण्यापेक्षा ९९७ फिरवलेला चांगला.

हजच्या दिवसांत तर दोन दारे उघडी असतात. सौदी सरकारची रुग्णालये यात्रेकरूंवर मोफत इलाज करतात, आणि भारत सरकारही मक्का-मदिनेत आपले डॉक्टर व दवाखाने पाठवते. परवान्याने आलेल्याला ही दोन्ही दारे निर्धास्तपणे ठोठावता येतात. २०२४ च्या हजमध्ये मक्केतले तापमान ५० अंशांच्या वर गेले आणि १,३०० हून अधिक माणसे दगावली. सौदी अधिकाऱ्यांच्या सांगण्यानुसार त्यांतले बहुसंख्य बिनपरवाना आलेले होते. त्यांना तंबू नव्हता, बस नव्हती आणि पकडले जाण्याच्या भीतीने दवाखान्याच्या दाराशी जाण्याची हिंमतही नव्हती. स्वस्तात हज घडवून आणतो म्हणणाऱ्या एजंटची खरी किंमत ही आहे.

माल घ्यायला जाणाऱ्या व्यापाऱ्याने काय करावे?

व्यापाऱ्याला मालकाचा विमा नाही आणि सरकारची योजनाही नाही. त्याने आपली तजवीज आपणच करायची. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे व्यापारी चीनमध्ये शाओशिंगजवळच्या केचियाओ या कापडबाजारात गेलो होतो. बरोबरच्या एका बांधवाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. हॉटेलच्या काउंटरने परदेशी लोकांसाठीचे म्हणून एक खासगी क्लिनिक सुचवले आणि गाडीही बोलावून दिली. दोन सलाइन, चार तपासण्या, थोड्या गोळ्या. संध्याकाळी बिल आले ते त्याच्या परतीच्या तिकिटाहून मोठे. बिलावर एकच ओळ होती, ‘उपचार खर्च’. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बांधवाला तोच त्रास झाला. या वेळी आमच्या दुभाष्याने सरकारी रुग्णालयात नेले. खिडकीवर नोंदणी, प्रत्येक तपासणीचे पैसे आधी, प्रत्येकाची वेगळी पावती. गर्दी होती, बसायला जागा नव्हती, तीन तास गेले. पण एकूण खर्च पहिल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी झाला आणि माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात होता.

यावरून सगळी खासगी क्लिनिके वाईट ठरत नाहीत. आपल्याला कळते ते इतकेच की, त्याच गावात दोन भाव असतात आणि मधला माणूस आपल्याला बहुधा महाग भावाकडे नेतो. चीनमधल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही परदेशी व श्रीमंत लोकांसाठी वेगळा विभाग असतो आणि त्याचे दर साध्या विभागापेक्षा पुष्कळ चढे असतात. म्हणून ‘साध्या विभागात दाखवायचे आहे’ हे वाक्य दुभाष्याकडून तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवावे. चीनमध्ये रुग्णवाहिकेसाठी १२० आणि अमिरातीत ९९८ हा क्रमांक आहे. थायलंडमध्ये पर्यटकांच्या तक्रारीसाठी ११५५ वर पर्यटक पोलीस मिळतात.

दुसरी गोष्ट औषधांची. साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सफरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्याव्यात. संपलेली गोळी परदेशात घ्यायची म्हणजे आधी डॉक्टरची फी आणि मग औषधाचे पैसे. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. मात्र आखातात जाताना ट्रामाडॉल, कोडीन असलेली दुखण्या-खोकल्याची औषधे परवानगीशिवाय नेऊ नयेत. तिथे ती नियंत्रित औषधे आहेत आणि सापडल्यास प्रकरण दवाखान्याचे न राहता तुरुंगाचे होते. खसखशीचेही तेच.

विम्याचा कागद कसा वाचावा?

विमा जायज की नाजायज, हा प्रश्न आपल्यात नेहमी निघतो. तो आलिमांचा विषय आहे, आम्ही त्यात पडत नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. इतके मात्र सांगतो की, सौदी अरेबियातील आरोग्य विमा ‘सहकारी विमा’ या नावाने आणि पद्धतीने चालतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा तर किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याशिवाय मिळतच नाही. जिथे तो अटीतच आहे, तिथे निदान विकत घेतलेल्या कागदात काय लिहिले आहे हे तरी वाचावे.

वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, एकूण रक्कम किती आणि खोलीचे भाडे, तपासणी, शस्त्रक्रिया यांवर वेगळी मर्यादा आहे का. दुसरी, प्रत्येक दाव्यात आपल्या खिशातून किती भरायचे. पुष्कळ पॉलिसींत पहिले काही डॉलर आपले असतात, त्यामुळे किरकोळ तापाचे बिल परत मिळतच नाही. तिसरी, जुना आजार. साखर, रक्तदाब, हृदयविकार असेल तर अर्जात स्पष्ट लिहावा. हप्ता वाचवण्यासाठी लपवलेला आजार दाव्याच्या वेळी कंपनी शोधून काढते आणि सगळा दावाच बाद होतो. चौथी, मदत केंद्राचा चोवीस तास चालणारा क्रमांक. भरती होण्याआधी, आणि जीवावरचा प्रसंग असेल तर भरती झाल्याबरोबर, घरच्या माणसाने त्यावर फोन करायचा असतो. तोच फोन पुढे रोकड न भरता इलाज होण्याचा मार्ग मोकळा करतो. पाचवी, सफरीचे दिवस. पंधरा दिवसांची पॉलिसी काढून अठराव्या दिवशी आजारी पडलेल्याला काही मिळत नाही.

बिल हातात आल्यावर

जीवावर बेतलेले असेल तर भाव विचारीत बसू नये, आधी माणूस वाचवावा. पण बहुतेक वेळा पाच मिनिटे तरी असतात. त्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारावेत : तपासायची फी किती? भरती केल्यास रोजचा खर्च अंदाजे किती, तो लिहून द्याल का? ही तपासणी आजच करणे जरूर आहे का? जो दवाखाना अंदाज लिहून देत नाही, त्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये.

आपल्याकडे कच्ची पावती आणि पक्के बिल यातला फरक लहान पोरालाही कळतो. दवाखान्यातही पक्के बिल मागावे, ज्यात खोली, डॉक्टर, तपासणी, औषध यांची वेगवेगळी ओळ आणि वेगवेगळा आकडा असेल. जे मिळालेच नाही त्यावर बोट ठेवावे. बिल चुकते होईपर्यंत पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर शांतपणे सांगावे की १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. आणि लगेच भारतीय दूतावासाला फोन करावा. कार्डाने पैसे भरताना यंत्र ‘रुपयांत की इथल्या चलनात’ असे विचारते. तिथे तिथलेच चलन निवडावे. रुपये निवडले की यंत्रवाला आपला दर लावतो आणि तो बहुधा महागच पडतो.

निघताना डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरची चिठ्ठी, पक्के बिल आणि पैसे भरल्याची पावती हे पाच कागद घेतल्याशिवाय दार ओलांडू नये. घरी आल्यावर ते मागवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

परत आल्यावर कुठे जावे?

परदेशातल्या दवाखान्यावर इथून फिर्याद करणे सोपे नाही. पण विमा कंपनी इथली आहे. तिने दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालाकडे जाता येते. हे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवनदर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. पुण्यात मालाच्या खरेदीला आपण जातोच, त्याच फेरीत अर्ज देता येतो.

कारागिरांसाठी भारत सरकारचा विनामूल्य क्रमांक १८००-११-३०९० आहे, आणि अमिरातीतून ८००-४६३४२ वर भारतीय मदत केंद्र मिळते. दूतावासांकडे २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. खरोखर गरजू असलेल्याच्या तातडीच्या इलाजासाठी आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास मय्यत घरी आणण्यासाठी त्यातून मदत मिळते. हा निधी सगळ्यांसाठी नाही, पण मागितल्याशिवाय तो कोणालाच मिळत नाही. दुबईत किंवा रियाधमध्ये एखादा मुलगा बिलापायी अडकला असेल तर गावात चंदा गोळा करण्याआधी दूतावासाला लेखी अर्ज करावा.

इथल्या दवाखान्याने मेडिकलच्या नावाखाली जादा पैसे घेतले असतील तर तेही सहन करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी ठळक सेवांचे दर आणि रुग्णांचे हक्क यांचे फलक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. फलक दिसला नाही तर विचारावे. फलकापेक्षा जास्त घेतले तर पावती घेऊन लेखी तक्रार करावी.

ध्यानात ठेवण्याजोगे

ज्यांना सगळा लेख जपून ठेवणे जमणार नाही, त्यांनी एवढे तरी कापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावे :

१. मेडिकलपूर्वी सरकारी रुग्णालयात स्वतःची तपासणी. एजंटला पैसे त्यानंतर.

२. नोकरीला जायचे तर नोकरीच्याच व्हिसावर आणि परवानगीसह. २७५ रुपयांचा विमा कागद घरी एक, जवळ एक.

३. उमऱ्याच्या व्हिसात विमा असतो. त्याचा क्रमांक आई-वडिलांच्या गळ्यात.

४. व्यापारी सफरीत हॉटेलवाल्याचा दवाखाना शेवटी, सरकारी दवाखान्याची चौकशी आधी.

५. भरतीपूर्वी लेखी अंदाज. निघताना पाच कागद.

६. जुना आजार लपवू नये, गोळ्या आठवडाभराच्या जास्त न्याव्यात.

आपल्या भागातले टूरवाले, मशिदींचे विश्वस्त आणि व्यापारी संघटना यांना आमची एक विनंती आहे. उमऱ्याचा किंवा नोकरीवाल्यांचा जथा निघतो तेव्हा निरोपाच्या दुआनंतर दहा मिनिटे या कागदांसाठी द्यावीत. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे, ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याला लिहून द्यावा. दौंडच्या फलाटावर किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर आपण हारतुरे घेऊन उभे राहतो, तिथेच हा कागदही हातात द्यायला हरकत नाही. त्याला खर्च एका झेरॉक्सचा आहे.